एकोणतीस मिनिटांची थट्टा

‘‘हा विनोद झाला. गाणं कुठंय?’’

रमोन्स या अमेरिकी पंक बँडचा पहिला अल्बम माझ्या आग्रहाखातर शेवटपर्यंत ऐकून अण्णांनी एवढाच निकाल दिला आणि हेडफोन टीपॉयवर ठेवला. अण्णा आमच्या इमारतीतले ज्येष्ठ स्नेही. सवाई गंधर्व महोत्सवात सतरंजीवर बसून ज्यांची चाळीसएक वर्षं गेली, त्यांचा निकाल हसण्यावारी नेता येत नाही. शिवाय ते एकटे नाहीत. गिटारच्या क्लासला जाणारे, पिंक फ्लॉइडचं नाव घेताना कानाची पाळी धरणारे तरुणही मला हेच ऐकवत आले आहेत : पोरं गमतीदार होती, टी-शर्ट झकास आहे, पण अल्बम म्हणून त्यात आहे काय?

या सगळ्या बोलण्याचा गाळीव अर्क काढला तर आक्षेप तीन निघतात. एक, या पोरांना वाजवता येत नव्हतं आणि ते झाकण्यासाठी त्यांनी थट्टेचं सोंग आणलं. दोन, विनोद एकदा ऐकला की संपतो, आणि इथे तर एकच विनोद चौदा वेळा सांगितलाय. तीन, विनोदही हलका : गोंद हुंगायचा, पोराला बॅटने बडवायचं, वर नाझींची भाषा.

तिन्ही आक्षेपांना उत्तर आहे. तिसऱ्यातला काही भाग मला मान्यही करावा लागणार आहे, पण ते पुढे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या अल्बममध्ये विनोद वरून भुरभुरलेला नाही. गाण्यांची लांबी, वाद्यांची मांडणी, शब्दांची कंजुषी, गायकाचा चेहरा हे सगळं विनोदाच्या हिशेबाने बसवलेलं आहे. ‘विनोद बाजूला ठेवून संगीताचं बोला’ असं इथे म्हणताच येत नाही, कारण बाजूला ठेवायला तो वेगळा निघत नाही.

आधी अल्बमची कुंडली मांडू. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फॉरेस्ट हिल्स नावाची वस्ती आहे. तिथली चार पोरं १९७४ मध्ये एकत्र आली. कुणी कुणाचा भाऊ नाही, पण चौघांनी एकच आडनाव लावलं : जोई रमोन, जॉनी रमोन, डी डी रमोन, टॉमी रमोन. आडनावही उसनं. उमेदवारीच्या काळात बीटल्समधला पॉल मॅकार्टनी ‘पॉल रमोन’ असं टोपणनाव लावत असे, तिथून उचललेलं. फेब्रुवारी १९७६ मध्ये मॅनहॅटनच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या प्लाझा साउंड स्टुडिओत त्यांनी आठवड्याभरात अल्बम उरकला. खर्च ६,४०० डॉलर. २३ एप्रिल १९७६ रोजी सायर रेकॉर्ड्सने तो बाजारात आणला. चौदा गाणी, एकूण लांबी एकोणतीस मिनिटं चार सेकंद. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो १११व्या क्रमांकाच्या वर कधी चढला नाही.

मुखपृष्ठावर रॉबर्टा बेली यांनी काढलेला कृष्णधवल फोटो आहे. विटांच्या भिंतीला टेकून चौघं उभे, अंगात सारखी काळी चामडी जाकिटं, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स. सख्खे भाऊ नसलेल्या चार जणांनी भावंडांसारखं एका कापडातलं शिवून घ्यावं तसे. ही थट्टाच आहे. आणि चौघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. हा चेहरा लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद त्याच चेहऱ्याचा आहे.

आता पहिला आक्षेप : वाजवता येत नव्हतं.

जॉनी रमोनचा उजवा हात बघा. गिटार छेडताना हात वरून खाली येतो आणि पुन्हा वर जातो. बहुतेक वादक वर जातानाही तारा छेडतात, म्हणजे एका फेरीत दोन ठोके पदरात पडतात. जॉनी फक्त खाली येताना छेडायचा. तोच वेग, पण दुप्पट मेहनत. फायदा असा की प्रत्येक ठोका सारख्याच वजनाने पडतो. करवत चालावी तसा एकसंध आवाज त्यातून निघतो. सांगायला सोपं आहे. मी शेजारच्या मुलाची गिटार मागून आणली आणि ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ लावून नुसता उजवा हात त्या वेगाने चालवून पाहिला. डावा हात नुसताच तारांवर ठेवलेला, सूर वगैरेची भानगड नाही. गाणं दोन मिनिटं बारा सेकंदांचं. पाऊण मिनिटात मनगट भरून आलं, दीड मिनिटाला हात आपोआप वर जाताना तारेला लागायला लागला, म्हणजे मी लबाडी करू लागलो. जॉनी गाण्यामागून गाणं असंच वाजवायचा. दोन गाण्यांच्या मध्ये डी डीने मोजलेले एक-दोन-तीन-चार, एवढीच विश्रांती. ६ ऑगस्ट १९९६ रोजी बँडने शेवटचा कार्यक्रम केला तेव्हा एकूण आकडा २,२६३ झाला होता. ज्याला वाजवता येत नाही त्याचा हात बावीस वर्षं असा टिकत नाही.

दुसरा पुरावा घरबसल्या तपासता येतो. हेडफोन लावा आणि एक कान मोकळा करा. उजवा काढलात तर गिटार जवळजवळ गायब होते, डावा काढलात तर बास. ढोल आणि गळा मध्ये. बीटल्सच्या सुरुवातीच्या स्टीरिओ रेकॉर्डांमध्येही आवाज असेच दोन टोकांना वाटून दिलेले असत. निर्माता क्रेग लिऑन आणि बँडने ती दहा-बारा वर्षांपूर्वीची जुनाट वाटणारी मांडणी मुद्दाम उचलली. ‘आय वॉना बी युअर बॉयफ्रेंड’ या गाण्यात तर मागे बारा तारांची गिटार आहे, ग्लॉकेनश्पील आहे, घंटानळ्या आहेत. ‘लेट्स डान्स’ या क्रिस मॉन्टेझच्या १९६२ मधल्या गाण्याच्या नव्या आवृत्तीत पाइप ऑर्गन वाजतो. ज्यांना काहीच येत नव्हतं त्यांनी हे कुठून आणलं? त्यांना साठीच्या दशकातलं पॉप तळहातावरच्या रेषांसारखं ठाऊक होतं. प्रेम होतं म्हणून नक्कल जमली. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहिली ती कवितेचा गंध नसताना लिहिली असं कुणी म्हणत नाही. मूळ कवीपेक्षा वृत्त पक्कं असल्याशिवाय विडंबन उभं राहत नाही.

आणि त्या वेळी ‘वाजवता येणं’ म्हणजे काय समजलं जात होतं तेही पाहायला हवं. येस या इंग्रज बँडचा १९७३ मधला अल्बम घ्या : ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’. दोन तबकड्या, चार बाजू, चार गाणी, ऐंशी मिनिटांहून जास्त वेळ. त्याचा उगम कुठे? परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप. आपल्या शास्त्रांचे चार प्रकार सांगणारी ती तळटीप गायक जॉन अँडरसनच्या वाचनात आली आणि प्रत्येक प्रकाराला तबकडीची एक अख्खी बाजू मिळाली. मी हे सांगितलं तेव्हा अण्णा त्या संध्याकाळी पहिल्यांदा मोकळेपणी हसले. गंमत अशी की तो अल्बम करणाऱ्यांना त्यात हसण्यासारखं काहीही दिसलं नव्हतं. कौशल्याचा तिथे तुटवडा नाही. तुटवडा आहे तो कुठे थांबावं या भानाचा. रमोन्सनी चौदा गाणी एकोणतीस मिनिटांत बसवली. दोन्ही अल्बम शेजारी ठेवले की त्यांच्या लांबीतली टीका आपोआप वाचता येते. विनोदाचं पहिलं शास्त्र म्हणजे वेळेवर थांबणं, आणि इथे ते संगीताचंही पहिलं शास्त्र झालं आहे.

दुसऱ्या आक्षेपाकडे येतो : विनोद एकदा ऐकला की संपतो.

अण्णा, हे तुम्ही बोलावं? तुमच्या शोकेसमध्ये पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाच्या कॅसेट अजून आहेत. टेपरेकॉर्डर मोडला तरी तुम्ही त्या टाकल्या नाहीत. ‘म्हैस’ तुम्ही शंभरदा तरी ऐकली असेल. कुठल्या जागी श्रोते हसणार, तो हशा किती लांब चालणार, पुलं किती वेळ थांबणार, हे घरातल्या पोरांनाही पाठ आहे. तरी त्या जागेला हसू येतंच. वाक्य यायच्या आधीच येतं. म्हणजे विनोदातला नवा कोरा धक्का पहिल्या दिवशीच संपतो हे खरं, पण त्यानंतर जे उरतं ते लयीचं सुख असतं. बंदिश तीच, सम तीच, तरी समेवर मान हलते. तुम्हीच मला हे शिकवलंत.

रमोन्सचा विनोदही समेवरचा आहे. ‘ज्युडी इज अ पंक’ हे जेमतेम दीड मिनिटाचं गाणं जवळून पाहू. पहिल्या कडव्यात जॅकी आणि ज्युडी नावाच्या दोन पोरी बर्लिनला जाऊन बर्फावर नाचणाऱ्या एका लोकप्रिय अमेरिकी तमाशात भरती होतात. मग जोई अगदी निर्विकारपणे जाहीर करतो की दुसरं कडवं पहिल्यासारखंच आहे, आणि खरोखरच तेच कडवं म्हणतो. हा चुटका त्याने १९६५ मधल्या हर्मन्स हर्मिट्स या बँडच्या गाजलेल्या गाण्यावरून उचललाय, आणि तेव्हाच्या प्रत्येक ऐकणाऱ्याला ते कळत होतं. तिसऱ्या कडव्याआधी तो सांगतो की हे मात्र वेगळं आहे. वेगळं किती? चाल तीच, वेग तोच, पोरी त्याच. फक्त बर्लिनच्या जागी सॅन फ्रान्सिस्को, आणि बर्फावरच्या नाचाच्या जागी सिंबायोनीझ लिबरेशन आर्मी.

ही आर्मी म्हणजे कोण ते तेव्हाच्या अमेरिकेत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये या सशस्त्र टोळीने वृत्तपत्रसम्राट हर्स्ट घराण्यातल्या पॅटी हर्स्टला पळवलं होतं. दोन महिन्यांत तीच मुलगी बंदूक घेऊन टोळीबरोबर बँक लुटताना कॅमेऱ्यात दिसली. रमोन्स न्यूयॉर्कमध्ये हे गाणं ध्वनिमुद्रित करत होते त्याच फेब्रुवारी १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिच्यावर खटला चालू होता. रोज पहिल्या पानावर बातमी, रोज तज्ज्ञांची चर्चा : तिचं डोकं फिरवलं की तीच फिरली? आणि इकडे जोई म्हणतो की फरक काय, दोन कंटाळलेल्या पोरींना कुठेतरी भरती व्हायचं होतं. बर्फावरचा नाच आणि क्रांतिकारी टोळी एकाच चालीत, एकाच मात्रांत बसतात. वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने दीड मिनिटात निकालात निघतात. हा विनोद एकदा ऐकून संपणारा आहे? पहिल्यांदा तर तो कळतही नाही, इतका झटकन निघून जातो.

‘एकच विनोद चौदा वेळा’ हे मात्र अर्धं खरं आहे. गाण्यांची नावंच पाहा. मला तुझा बॉयफ्रेंड व्हायचंय. मला आता गोंद हुंगायचाय. मला तळघरात जायचं नाहीये. मला तुझ्याबरोबर फिरायचं नाहीये. चौदांपैकी चार नावं अशी ‘हवंय-नकोय’ची. दुकानासमोर पाय आपटत बसलेल्या पोराचं व्याकरण आहे हे. पण हट्ट तोच असला तरी त्यामागचं मन दर वेळी वेगळं निघतं. पहिल्या गाण्यात खरंखुरं कोवळं प्रेम आहे. ते टॉमीने लिहिलं आणि त्यात थट्टेचा लवलेश नाही. तळघराच्या गाण्यात भयपट पाहून घाबरलेलं लेकरू आहे. शेवटच्यात तर दोन-तीन ओळींपलीकडे शब्दच नाहीत. नको म्हणजे नको, कारण विचारू नका. ‘हवाना अफेअर’ मॅड मासिकातल्या ‘स्पाय व्हर्सेस स्पाय’ या चित्रमालिकेवरून सुचलेलं. ती मालिका अँतोनिओ प्रोहियास या क्युबन व्यंगचित्रकाराची, कास्त्रोच्या राजवटीतून १९६० मध्ये अमेरिकेत पळून आलेल्या माणसाची. एक काळा हेर, एक पांढरा हेर; रंग सोडला तर दोघांत काडीचा फरक नाही आणि दोघं जन्मभर एकमेकांना सुरुंग लावतात. रमोन्सचं विनोदाचं शिक्षण अशा शाळेत झालं होतं. ती शाळा उथळ म्हणायची तर प्रोहियासने काय पाहून चित्रं काढली हेही विचारावं लागेल.

आता तिसरा आणि जड आक्षेप : अभिरुचीचा.

गोंदापासून सुरू करू. गोंद हुंगण्याचं ते गाणं दीड मिनिटाचं आणि शब्दांच्या बाबतीत चार ओळींचं. त्या चार ओळींत कारणही दिलंय : काहीतरी करायला हवंय म्हणून. बस. ना नशेची महती, ना उपदेश. शहराच्या कडेला वाढलेल्या, हातात पैसा नसलेल्या, संध्याकाळ कशी घालवावी हे न कळणाऱ्या पोरांच्या कंटाळ्याचं इतकं काटेकोर वर्णन मी दुसरं वाचलेलं नाही. स्कॉटलंडमध्ये गोंद हुंगून मुलं दगावत होती, तिथे या गाण्याविरुद्ध ओरड झाली. ओरडणाऱ्यांची काळजी खरी होती, त्यांना हसण्याचं कारण नाही. पण गाण्याने कंटाळा निर्माण केला नव्हता, त्याचं नाव घेतलं होतं. पुढच्या वर्षीच्या अल्बमवर बँडने ‘कार्बोना नॉट ग्लू’ असं गाणं टाकलं. कार्बोना हे डाग काढायच्या द्रावणाचं नोंदणीकृत नाव निघालं आणि गाणं अल्बममधून काढावं लागलं. पोरांच्या फुप्फुसांपेक्षा व्यापारचिन्हाला जास्त संरक्षण असतं, ही तळटीप वास्तवानेच त्या विनोदाला जोडली.

बॅटचं गाणं घ्या. एका लाडावलेल्या पोराला बेसबॉलच्या बॅटने बडवायची सूचना त्यात आहे, तीही गोड चालीवर. जोईने पुढे सांगितलं होतं की फॉरेस्ट हिल्समध्ये तो राहत असलेल्या इमारतीत श्रीमंत बायका आणि त्यांची मोकाट सुटलेली पोरं पाहून ते सुचलं. आपल्याकडे आई ‘तंगडं मोडून हातात देईन’ म्हणते तेव्हा कुणी पोलिसांना बोलावत नाही. अतिशयोक्ती ही रागाची सुरक्षित झडप असते. साडेसहा फूट उंच, काटकुळा, केसांआड तोंड लपवणारा, मंत्रचळेपणाच्या आजाराने गांजलेला जोई हे गातो तेव्हा बडवणाऱ्यापेक्षा आयुष्यभर बडवला गेलेलाच जास्त दिसतो.

मग राहतात नाझी. इथे मी आक्षेप झटकून टाकणार नाही.

पहिल्या गाण्याच्या नावातच ‘ब्लिट्झक्रीग’ हा नाझी युद्धतंत्राचा शब्द आहे, आणि त्याला ‘बॉप’ हा नाचाचा शब्द चिकटवलाय. शेवटच्या गाण्याचं नाव ‘टुडे युअर लव्ह, टुमारो द वर्ल्ड’ : आज जर्मनी, उद्या सारं जग या अर्थाच्या नाझी गाण्याची मोडतोड. या गाण्याचा नायक आपण नाझी असल्याची फुशारकी मारणारा एक पोरगेला शिपाई. सायरचे प्रमुख सीमोर स्टाइन ज्यू होते. त्यांनी एका ओळीला हरकत घेतली आणि बँडने ती बदलली. फुशारकीच्या जागी शुद्ध हरपलेला शिपाई आला. माझ्या मते बदललेली ओळ विनोद म्हणूनही सरस आहे.

हे करणारे होते कोण? जोई ज्यू. टॉमीचा जन्म १९४९ मध्ये बुडापेस्टचा. त्याचे ज्यू आईवडील शेजाऱ्यांनी लपवल्यामुळे वाचले होते, नातलगांतले कितीतरी वाचले नव्हते. ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ मुख्यतः टॉमीनेच लिहिलं. त्याने ठेवलेलं नाव ‘ॲनिमल हॉप’ होतं. ते बदललं डी डीने. डी डीचे वडील अमेरिकी सैनिक, आई जर्मन. बालपण जर्मनीत, लढाईच्या जुन्या मैदानांत गंजलेले अवशेष गोळा करण्यात गेलं. म्हणजे युद्धाच्या दोन बाजूंच्या ढिगाऱ्यातून आलेली पोरं एका बँडमध्ये बसून त्या ढिगाऱ्यातल्या शब्दांशी खेळत होती.

एवढ्याने आक्षेप संपतो का? नाही. गायक ज्यू आहे हे तबकडीवर लिहिलेलं नसतं. सरळ चेहऱ्याने केलेल्या विनोदाचा हा धोका कायम असतो : श्रोत्यांतल्या एखाद्याला तो विनोद न वाटता होकार वाटला, तर सरळ चेहरेवाला ‘मी गंमत करत होतो’ असं म्हणून सुटू शकत नाही. पुढे पंकच्या गर्दीत स्वस्तिकाचे बिल्ले नुसते भडक दिसतात म्हणून मिरवणारी पोरं निघाली, त्या पापाचा थोडा वाटा या अल्बमच्या पदरात घालायला माझी ना नाही. पण धोका पत्करून केलेला विनोद आणि हलका विनोद या दोन गोष्टी निराळ्या आहेत. १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन जर्मनीतल्या बिटबर्गच्या दफनभूमीत मानवंदना द्यायला गेले. तिथे वाफेन-एसएस या नाझी दलाचे सैनिकही पुरलेले आहेत. त्यावर संतापून निषेधाचं गाणं कुणी काढलं? याच रमोन्सनी, याच जोईच्या गळ्यातून. नाझींच्या नावाने कधी हसावं आणि कधी हसू नये, हे त्याला त्याच्या टीकाकारांइतकंच कळत होतं.

त्या १९८५च्या गाण्याची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी आता माझ्याच बाजूच्या लोकांना ऐकवणार आहे. कारण या अल्बमवर अन्याय करणारा दुसराही एक पक्ष आहे : त्याचे विद्वान चाहते. हे म्हणतात, विनोद वगैरे वरवरचं. खरं तर हा बेकार तरुणाईचा राजकीय उद्रेक होता. ४ जुलै १९७६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली त्याच दिवशी, रमोन्स लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजले. त्याच महिन्यात तिथे त्यांच्या गोंदाच्या गाण्यावरून नाव घेतलेलं ‘स्निफिन ग्लू’ हे हातांनी चिकटवून काढलेलं पत्रक सुरू झालं. इंग्लंडात पंकची लाट उसळली. हे सगळं खरं. पण इंग्रज पोरांनी वेग घेतला, जाकिटं घेतली आणि त्यात स्वतःचा राग ओतला. रमोन्समध्ये एकमुखी राजकारण शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. जॉनी कट्टर रिपब्लिकन होता, जोई उदारमतवादी. रेगनवरचं ते गाणं अल्बममध्ये घेताना जॉनीने गाण्याच्या नावालाच विरोध केला, आणि १९८६च्या अल्बमवर ते दुसऱ्याच नावाने आलं. ज्या बँडमध्ये गायक आणि गिटारवादक वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, त्याचा जाहीरनामा कोण लिहिणार? त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच होती : काय मजेशीर आहे याबद्दलचं एकमत. तेवढं पुरलं. विद्वानांनी विनोद खरवडून आतली क्रांती शोधू नये. सालीसकट खायचं फळ आहे हे.

आणि तरीही, या फळात बी आहे. दहावं गाणं संपलं की ‘फिफ्टी-थर्ड अँड थर्ड’ येतं. मॅनहॅटनमधल्या त्रेपन्नाव्या रस्त्याचा आणि थर्ड ॲव्हेन्यूचा हा नाका. तिथे तरुण मुलं पैशांसाठी पुरुष गिऱ्हाइकांची वाट पाहत उभी राहत. गाणं डी डीचं. नायक व्हिएतनामहून परतलेला सैनिक. नाक्यावर उभा आहे आणि कुणीच त्याला पसंत करत नाही. इथपर्यंत ही गोष्ट गेल्या नऊ-दहा गाण्यांसारखीच वाटते : शाळेच्या मैदानात टीम पाडताना शेवटी उरलेलं पोर. तोच वेग, तीच करवत, जोईचा तोच निर्विकार गळा. हसू येतं. मग मधल्या तुकड्यात गळा बदलतो. डी डी स्वतः ओरडून गातो, वस्तरा निघतो, खून होतो, पोलीस मागे लागतात. आणि एवढं करून त्याला सिद्ध काय करायचं होतं, तर आपण बायकी नाही. ढोलाने वेग बदललेला नाही. गिटारने सूर जड केलेला नाही. ‘आता गंभीर व्हा’ अशी पाटी कुणी दाखवत नाही.

गोंद, प्रेम, तळघर, खून या सगळ्यांना एकच वेग आणि एकच चेहरा द्यायचा हा निर्णय म्हणजे या अल्बमची कला. गंभीर संगीताने खुनाआधी व्हायोलिनं वाजवली असती आणि आपण सावध झालो असतो. इथे हसता हसता पायाखालची फळी सरकते, कारण आपल्याला हसायची सवय लावून ठेवलेली असते. त्यासाठी आधीची नऊ-दहा गाणी लागतात. त्यासाठी मुखपृष्ठावर न हसणारे चौघं लागतात. तमाशातला सोंगाड्या स्वतःच्या विनोदावर हसला तर फड बसतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. क्वीन्सच्या त्या पोरांनाही लागलं नाही.

अमेरिकेत या अल्बमला सुवर्ण तबकडीचं, म्हणजे पाच लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं ते ३० एप्रिल २०१४ रोजी. बाजारात आल्याला अडतीस वर्षं झाली होती. जोई २००१ मध्ये गेला, डी डी २००२ मध्ये, जॉनी २००४ मध्ये. चौघांतला एकटा टॉमी ती बातमी ऐकायला उरला होता. ११ जुलैला तोही गेला.

तेव्हा अण्णा, तुमचं पहिलं वाक्य मला मान्य आहे : हा विनोद झाला. दुसऱ्या वाक्यासाठी एक विनंती. हेडफोन पुन्हा घ्या, पहिल्यापासून लावा, आणि नाक्यावरचं ते गाणं येईल तेव्हा मला एवढंच सांगा की तुम्ही नेमके कुठल्या क्षणी हसायचे थांबलात. गाणं तिथे आहे.